अफूवर अफूचाच उतारा

बाळगोळी हा शब्द तुमच्यापैकी काहींनी आजीच्या तोंडून ऐकला असेल. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया एके काळी तान्ह्या मुलाला अफूची बारीक गोळी देत आणि मग पाळी गाठीत. त्या आयांना आज नावे ठेवणे सोपे आहे. पण घरी म्हातारे माणूस नाही, पाळणाघर नाही, मग करायचे काय? मूल रडेनासे होई, भूक विसरे, निपचित पडून राही. गोळी किंचित मोठी झाली तर मात्र ते उठतच नसे. कारण अफू दुखणे निववते तशी श्वासही मंद करते. हे दोन्ही गुण एकाच जिनसाचे आहेत, आणि आज जी हकीकत सांगायची आहे तिच्यात ते शेवटपर्यंत आपल्याबरोबर राहणार आहेत.

हकीकत न्यूयॉर्कची आहे. पण तिथे पोचण्याआधी थोडे मागे जाऊ या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या सेर्ट्यूर्नर नावाच्या एका तरुणाने औषधांच्या दुकानात खटपट करून अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. 1850 नंतर पोकळ सुईची पिचकारी डॉक्टरांच्या हाती आली आणि मॉर्फिन थेट अंगात जाऊ लागले. पुढे 1898 मध्ये बायर कंपनीने मॉर्फिनपासून केलेले एक औषध बाजारात आणले. त्याचे नाव हेरॉइन. आणि ते कशावर, तर खोकल्यावर! कंपनीची पुढची पिढी हे नाव विसरायला उत्सुक असेल, तर नवल नाही.

अमेरिकेत 1914 साली हॅरिसन कायदा झाला. 1919 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, व्यसनी माणसाची नुसती तलफ भागावी म्हणून मॉर्फिन लिहून देणे ही वैद्यकी नव्हे. त्या सुमारास काही शहरांत व्यसनी लोकांना मोजून मात्रा देणारे दवाखाने निघाले होते. श्रीव्हपोर्ट गावचा डॉ. बटलर यांचा दवाखाना त्यांतला नावाजलेला. 1923 मध्ये तोही बंद पडला. पुढची चाळीसएक वर्षे डॉक्टरमंडळी या रोग्यांपासून चार हात लांबच राहिली. उरले तुरुंग, आणि केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे 1935 मध्ये उघडलेले सरकारी इस्पितळ, तेही अर्धे इस्पितळ नि अर्धा तुरुंगच.

या लेक्सिंग्टनला मेरी निस्वांडर नावाची एक तरुण डॉक्टरीण काम करून आली. तिने जे पाहिले ते साधे होते. रोग्याचे अंग अफूपासून सुटे, काही दिवसांचा तडफडाट, उलट्या, अंगदुखी, जागरण हे सारे संपे, माणूस धडधाकट होऊन घरी जाई, आणि काही आठवड्यांत पुन्हा सुई हातात घेई. 1956 मध्ये तिने एक पुस्तक लिहिले. त्याचा मथितार्थ एवढाच, की हा माणूस गुन्हेगार नसून रोगी आहे. आज हे वाक्य कोणीही बोलेल. त्या वेळी ते बोलायला छाती लागे.

हे पुस्तक डॉ. व्हिन्सेंट डोल यांच्या हाती पडले. डोल रॉकफेलर संस्थेत होते आणि त्यांचा विषय लठ्ठपणा. निश्चय करूनही माणूस पुन्हा खातो तो का, हा त्यांचा प्रश्न. तोच प्रश्न त्यांना इथे दिसला. त्यांनी निस्वांडरबाईंना बोलावून घेतले. मेरी जीन क्रीक ही तरुण डॉक्टरीणही त्यांना येऊन मिळाली आणि 1964 च्या आरंभी काम सुरू झाले.

पहिला प्रयोग फसला, बरं का. रोग्यांना त्यांना हवे तेवढे मॉर्फिन देऊन पाहिले. दिवसातून अनेकदा सुई, मात्रा सारखी चढती, आणि माणसे झगा अंगावर टाकून टेलिव्हिजनसमोर बसून पुढच्या सुईची वाट बघताहेत. यातून काय निघणार? तेव्हा मॉर्फिन उतरवण्यासाठी म्हणून त्यांना मेथाडोन दिले. हे औषध जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी तयार केलेले. (अमेरिकेत ते डोलोफिन या नावाने विकले जाई. ते नाव हिटलरच्या ॲडॉल्फ या नावावरून पडले अशी एक कंडी आहे, ती खोटी.) ते लगेच बंद न करता चढ्या मात्रेवर काही दिवस ठेवले, आणि वॉर्डातले चित्र पालटले. दोघांपैकी थोरला रोगी रंग मागवून चित्रे काढू लागला. धाकटा म्हणू लागला, मला माझी राहिलेली शाळा पुरी करायची आहे. औषध तर दोन्ही अफूच्याच जातीचे. मग हा फरक कुठून आला?

फरक वेळेचा आहे. हेरॉइन झपाट्याने चढते आणि काही तासांत उतरते. माणूस दिवसभर कैफ आणि कासाविशी यांच्या झोक्यावर असतो. मेथाडोन तोंडावाटे घ्यायचे, सरबतात मिसळून. ते हळू चढते आणि दिवसभर टिकते. ठरलेली मात्रा अंगवळणी पडली की कैफ येत नाही नि कासाविशीही होत नाही. शिवाय त्यावर कोणी हेरॉइन घेतलेच, तरी नेहमीची मात्रा फारशी लागत नाही. 1965 च्या ऑगस्टमध्ये डोल आणि निस्वांडर यांनी 22 रोग्यांची हकीकत अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापली. सरकारी अंमली पदार्थ खात्याची माणसे डोल यांना कायद्याचा धाक घालायला आली, तेव्हा खटला भरा, एकदा निकाल तरी लागेल, असा डोल यांचा पवित्रा होता. खटला कोणी भरला नाही.

आता दुसरी बाजू. जे औषध हळू उतरते ते अंगात साठतेही. आज घेतलेल्या मात्रेवर उद्याची चढते. म्हणून पहिले दोन आठवडे सर्वांत जोखमीचे. तलफ भागत नाही म्हणून घाईने मात्रा वाढवली तर झोपेतच श्वास थांबू शकतो. वरून दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर धोका अनेक पटींनी वाढतो. काही जणांच्या हृदयाची लय बिघडते, म्हणून विजेचा आलेख काढावा लागतो. आणि घरी नेलेली बाटली पोराच्या हाती लागली, तर मोठ्याची रोजची मात्रा पोराचा जीव घेते. बाळगोळीची आठवण उगाच नाही काढली.

पण औषध सोडण्याचा धोका त्याहून कमी नाही, आणि हे घरच्यांना पटत नाही. ‘किती दिवस घेणार? एक व्यसन सोडून दुसरं!’ असे म्हणून ते बंद करायला लावतात. महिन्याभरात अंगाची सवय मोडते, मनाची ओढ मात्र राहते. एखाद्या संध्याकाळी तो जुनीच मात्रा घेतो आणि ती त्याला झेपत नाही. 2017 मध्ये अनेक देशांतल्या लक्षाहून अधिक रोग्यांची आकडेवारी एकत्र छापली गेली. मेथाडोन चालू असताना दर हजारी वर्षाला सुमारे 11 मृत्यू, बंद झाल्यावर सुमारे 36. डोल यांचे चाहते मधुमेहाच्या इन्शुलिनची उपमा देतात. मला ती पुरती पटत नाही, कारण इन्शुलिनची चटक लागत नाही. पण या दोन आकड्यांपुढे उपमेचा वाद फिका आहे.

पुढे ब्युप्रेनॉर्फिन आले. ते अफूचे काम अर्धेमुर्धे करते, म्हणून एका मर्यादेपलीकडे श्वास दाबत नाही. मात्र अंगात हेरॉइन असताना घेतले तर तडफडाट तेच उठवते. फ्रान्सने 1995 नंतर साध्या घरगुती डॉक्टरांनाही ते देऊ दिले. 1999 पर्यंत तिथले अतिमात्रेचे मृत्यू जवळजवळ चार पंचमांशांनी घटले. सगळे श्रेय या गोळीचे नसेल, पण बरेचसे आहे. नाल्ट्रेक्सोन हे तिसरे औषध अफूचा दरवाजाच बंद करते. पण ते घेण्याआधी अंग पूर्ण सुटलेले लागते, आणि तिथेच बहुतेकांचे गाडे अडते.

आपल्याकडे 1980 नंतर मुंबईत ‘गर्द’ आले. मणिपुरात सुईवाटे एड्स पसरला. एकच सुई चौघांनी वापरली की दुसरे काय होणार? 2007 नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने जिभेखालच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या सरकारी केंद्रांतून द्यायला सुरुवात केली, आणि 2012 मध्ये मेथाडोनही आले. गोळी नर्सबाईंच्या देखत जिभेखाली विरघळू द्यायची, मगच कामावर जायचे.

डोल आणि निस्वांडर यांनी 1965 मध्येच लग्न केले. 1988 साली डोल यांना या कामासाठी लास्कर पारितोषिक मिळाले. ते घ्यायला निस्वांडरबाई नव्हत्या. त्या 1986 मध्येच वारल्या होत्या.