कळंबचा माळ, साखरेचा हंगाम आणि कामगाराची किंमत

एखाद्या कारखान्याचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे आपल्याकडे प्रथम भांडवल किती होते, यंत्रे कोठून आली, उत्पादन किती निघाले याचे आकडे दिले जातात. ती यंत्रे ज्यांनी रात्रंदिवस चालविली त्यांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात 'कामगारांच्या सहकार्यामुळे' एवढ्या दोन शब्दांत उरकला जातो. वास्तविक कारखाना टिकतो की बुडतो, हे पुष्कळ अंशी याच दोन शब्दांवर ठरते. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील कळंब गावच्या शिवारात गेल्या नव्वद वर्षांत जे घडले, ते या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

माळरानावर कारखाना

बारामती-इंदापूरचा हा मुलूख मूळचा अवर्षणाचा. १८७६-७७ च्या दुष्काळात येथील माणसांनी आणि जनावरांनी जे हाल सोसले, त्यानंतर सरकारला पाटबंधाऱ्यांची निकड पटली. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. प्रारंभी त्याचा गूळ होई. पुढे १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी धंद्याला संरक्षण दिले. त्यापूर्वी सबंध हिंदुस्थानात जेमतेम तीसेक साखर कारखाने होते. पाच-सहा वर्षांत त्यांची संख्या सव्वाशेच्या पुढे गेली. या लाटेतच सोलापूरचे उद्योगपती शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंब येथे ऊसमळे आणि साखर कारखाना उभा केला. १९३४ च्या सुमारास कारखाना चालू झाला, आणि त्याच्याभोवती वाढलेल्या वस्तीला पुढे वालचंदनगर हे नाव मिळाले.

वालचंदांचा (जन्म १८८२, मृत्यू १९५३) पिंड ठेकेदाराचा. त्यांनी उमेदीच्या काळात लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून रेल्वेची कामे घेतली होती. हे फाटक पूर्वी साधे कारकून होते. हुद्दा न पाहता माणसाची कुवत पाहावयाची, ही दृष्टी वालचंदांना येथेच लाभली असावी. ठेकेदारीने त्यांना आणखी एक गोष्ट शिकविली. आडरानात काम काढावयाचे तर माणसे आधी टिकवावी लागतात. मजुराला पाणी, निवारा आणि वेळेवर मजुरी मिळाली नाही तर तो रातोरात दुसऱ्या कामावर निघून जातो.

कळंबला हाच प्रश्न होता. शहरातला गिरणीमालक दारात उभ्या असलेल्या गर्दीतून माणसे निवडू शकत होता. माळावर गर्दी कोठली? फिटर, टर्नर, रसायनतज्ज्ञ, कारकून यांना बाहेरून आणावे लागे, आणि त्यांच्या बायकामुलांची सोय नसेल तर ते येत नसत. म्हणून कारखान्याबरोबर घरे बांधावी लागली, दवाखाना आणि शाळा आली, बाजार भरू लागला. याला कोणी मालकाचे औदार्य म्हणेल. परंतु ती धंद्याचीही गरज होती, आणि त्यात कमीपणा काही नाही. नुसत्या दयेपोटी दिलेली सोय दया आटली की बंद पडते. गरज ओळखून दिलेली सोय टिकते.

हुकमाने न होणारे काम

साखरेच्या धंद्यात माणसाच्या मनाला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी त्या कामाची रीत पाहिली पाहिजे. ऊस तोडला की त्यातील साखर उतरू लागते. शक्य तो चोवीस तासांच्या आत तो गाळला गेला पाहिजे. म्हणून बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले आणि गव्हाणीत पहिली मोळी पडली की पुढचे चार-सहा महिने कारखाना तीन पाळ्यांत अखंड चालतो. काट्यावर गाड्यांची रांग लागलेली असते. मधेच चरक थांबला तर गव्हाणीतला ऊस वाळतो, टाक्यांतला रस आंबतो, आणि त्या रांगेतल्या शेतकऱ्याचेही नुकसान होते.

आता पॅनवरील कामगाराचे उदाहरण घ्या. रस आटवून त्याचा पाक होतो आणि पॅनमध्ये साखरेचा दाणा धरतो. दाणा किती मोठा झाला, पाक केव्हा उतरवावयाचा, हे ठरविण्यासाठी पॅनमन मधून मधून थोडा नमुना काढतो, काचेवर पसरून उजेडात पाहतो, बोटांनी चाचपतो. प्रयोगशाळा आणि मोजमापाची साधने त्याच्या मदतीला असतात, तथापि अनेक वर्षांच्या सरावाने आलेली ती नजर कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. पहाटे तीन वाजता, साहेब झोपेत असताना, तो ती नजर मनापासून वापरतो की नाही यावर त्या रात्रीची साखर अवलंबून असते. हजेरीपटावर सही घेता येते, पण मन लावून केलेल्या कामाची सही घेता येत नाही. ते काम माणूस आपण होऊन देतो, आणि आपली कदर होते असे वाटले तरच देतो.

अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांवरून एल्टन मेयो आदी विद्वानांनी असाच निष्कर्ष काढला की, दिवाबत्ती आणि पगार यांच्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व कामगाराकडे कोणी आपुलकीने लक्ष देण्याला असते. या प्रयोगांवर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु ज्याने एक गळीत हंगाम जवळून पाहिला आहे, त्याला हे सांगण्यासाठी शिकागोला जाण्याचे कारण नाही.

दुरुस्तीच्या शेडपासून अवकाशापर्यंत

हंगाम संपला की साखर कारखाना शांत होतो. मग सुरू होते दुरुस्ती. चरक उघडले जातात, रोलर घासले जातात, नळ्या साफ होतात, झिजलेले भाग नव्याने घडविले जातात. हंगामापुरते घेतलेले कामगार या काळात घरी जातात. कुशल कारागिरांना मात्र वर्षभर ठेवणे शहाणपणाचे असते, कारण यंत्राचे सारे दुखणे त्यांनाच ठाऊक असते.

वालचंदनगरची खरी पुंजी या दुरुस्तीच्या शेडमध्ये साठली. जो कारागीर परदेशी यंत्राचा मोडलेला भाग स्वतः घडवू शकतो, तो उद्या सबंध यंत्रही घडवू शकेल, हा विश्वास येथे खरा ठरला. स्वातंत्र्यानंतर येथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तयार होऊ लागली. पुढे सिमेंट कारखान्यांची यंत्रे, बॉयलर आणि मोठमोठे गिअर यांची त्यात भर पडली. अणुऊर्जा आणि अवकाश संशोधन या क्षेत्रांसाठीही येथील कारखाना काम करू लागला. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ज्या अग्निबाणाने झेपावले, त्याच्या एस-२०० या मोठ्या बूस्टरचे काही भाग वालचंदनगरच्या कारखान्यात घडलेले होते.

ज्या माळावर एके काळी कुसळे उगवत होती, तेथील जोडारी आणि यंत्रकाम करणाऱ्यांनी हे काम केले. ते एका दिवसात झाले नाही. जुन्या हाताने नव्या हाताला शिकविले, उमेदवाराला चुका करावयास वाव मिळाला, एका पिढीचे कसब दुसरीकडे गेले. कामगाराकडून उत्तम काम मिळविण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला दिसत नाही. त्याला आज येते तेवढेच काम देत राहू नये, उद्या येऊ शकेल ते शिकवावे.

किर्लोस्करवाडी आणि नागपूर

असाच प्रयोग महाराष्ट्रात याआधी दोन ठिकाणी झाला होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ जागा आणि कर्ज दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर लक्ष्मणरावांनी जमविलेली मंडळी मोठ्या पदव्यांची नव्हती. त्यांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले, आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. ज्याला समाजाने चोर ठरविले त्याच्याच हाती किल्ल्या सोपविण्यास मोठे धैर्य लागते. विश्वास टाकला की माणूस बहुधा त्याला जागतो, हे त्यांचे गृहीत होते.

नागपूरच्या एम्प्रेस मिलचे उदाहरण त्याहून जुने. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये ही गिरणी सुरू केली, १८८६ मध्ये कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची व्यवस्था केली. कामगारांना भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थानात झाला तो १९२३ मध्ये, म्हणजे त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी. दूरदृष्टीचा मालक कायद्याची वाट पाहत नाही, हे यावरून दिसते.

आस्थेला हक्काची जोड

तथापि चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मालक चांगला असला म्हणजे सर्व काही झाले असे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले नसते, तर १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली नसती. १९४८ चा कारखाने कायदा, १९५२ चा भविष्यनिर्वाह निधी, १९६५ चा बोनस कायदा, १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा या साऱ्यांमागे कामगारांची चळवळ आहे. कंपनीच्या घरात राहणाऱ्याचे घर नोकरीला बांधलेले असते. नोकरी गेली की छप्परही जाते. म्हणून माणसाला मिळणारी सोय मालकाच्या मर्जीवर न राहता हक्क म्हणून मिळाली पाहिजे.

कळंबच्या परिसराने याचा अनुभव घेतला आहे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर खाजगी साखर कारखान्यांचे ऊसमळे सरकारकडे गेले आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाच्या ताब्यात आले. वालचंदनगर आणि रत्नपुरी येथील मळे त्यांपैकीच. कालचा मालक बदलला, नवा मालक सरकार झाले. मळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या कामगारांची घरे मात्र चाळीतच राहिली, आणि महामंडळाचा कारभार तोट्यात जाऊ लागला तेव्हा त्याची झळ प्रथम त्यांनाच बसली. मालकी खाजगी की सरकारी, एवढ्याने कामगाराचे भवितव्य ठरत नाही. निर्णय घेताना तो कोणाच्या डोळ्यांपुढे असतो, यावर ते ठरते.

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पाठोपाठ आपल्या भागातही माळेगाव, भवानीनगर येथे शेतकऱ्यांचे कारखाने निघाले. शेतकरी मालक झाला, ही मोठीच क्रांती होती. पण एक माणूस या सर्व व्यवस्थांतून बाहेरच राहिला. तो म्हणजे ऊसतोडणी मजूर. बीड, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' समजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ते पहाटेच्या थंडीत फडात उतरतात. साखर बनते ती त्यांच्या कोयत्यापासून, परंतु कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते. पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या त्यांच्या मुलांची शाळा दरवर्षी अर्ध्यावर सुटते. साखरशाळांचे प्रयत्न झाले. या मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळही स्थापन झाले. तरीही कारखान्याच्या फाटकाच्या आत असलेली आस्था फाटकाबाहेर फडापर्यंत पुरेशी पोहोचली, असे म्हणता येत नाही.

आपल्यासाठी बोध

हा इतिहास केवळ कारखानदारांसाठी नाही. शाळा, दवाखाना, पतपेढी, दुकान, जेथे जेथे चार माणसे एका कामासाठी एकत्र येतात तेथे तेथे तो लागू पडतो. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या फोरमन होईल, कोणी मुख्याध्यापक, कोणी छोट्या वर्कशॉपचा मालक. त्यांनी कळंबच्या माळावरून तीन गोष्टी घ्याव्यात. हाताखालच्या माणसाच्या घराची आणि मुलाबाळांची चौकशी ठेवणे ही कामाचीच बाब आहे. त्याला नवे कसब शिकविण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. आणि जे त्याला द्यावयाचे ते उपकार म्हणून देऊ नये, हक्क म्हणून द्यावे.

एवढे झाल्यावर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या कामात हातभार लावणारा, पण आपल्या हजेरीपटावर नसलेला माणूस कोण आहे? झाडलोट करणारी बाई, रोजंदारीवरचा हमाल, फडातला कोयता. त्याचे नाव ज्या दिवशी आपल्याला ठाऊक होईल, त्या दिवसापासून माणसे सांभाळण्याच्या कामाला खरी सुरुवात झाली असे समजण्यास हरकत नाही.