औरंगाबादचा इंग्रजीचा विद्यार्थी

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि पुण्यामुंबईच्या मराठी तरुणास विद्यापीठाच्या पदवीचें दार तेव्हांपासून उघडलें. गोदावरीच्या खोऱ्यांतील मराठी मुलाचा मार्ग मात्र निराळा होता. औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, हें निजामाच्या राज्यांत मोडत असे. तेथील मुलगा घरीं मराठी बोले, कचेरींत व शाळेंत उर्दू ऐके, आणि इंग्रजी ही त्याची तिसरी भाषा असे. ह्या ओढाताणींत त्यानें इंग्रजीपासून काय मिळविलें, हें पदवीची वाट चालणाऱ्या प्रत्येक तरुणानें ऐकण्यासारखें आहे.

हैदराबाद येथें १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें. उच्च शिक्षण देशी भाषेंतून देण्याचा तो मोठाच प्रयोग होता. परंतु ती देशी भाषा उर्दू होती. इतर विषय उर्दूंतून शिकवीत, तरी इंग्रजी हा विषय सर्वांस आवश्यक असे. औरंगाबादेस १९२३ सालीं इंटरपर्यंतचें सरकारी महाविद्यालय सुरूं झालें. त्यापुढें पदवी हवी असल्यास मुलानें वळकटी बांधून छोट्या रुळांच्या गाडीनें हैदराबाद गांठावें, हाच सरळ मार्ग होता. पदवी मिळाल्यावर पुढें काय, ह्या प्रश्नास बहुतेक घरांत उत्तर ठरलेलें असे: सरकारी चाकरी, वकिली किंवा मास्तरकी.

त्या महाविद्यालयाचे एक प्राचार्य मौलवी अब्दुल हक हे होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू ह्या संस्थेचें ठाणें त्यांनीं अनेक वर्षें औरंगाबादेंत चालविलें. त्यांच्या संपादकत्वाखालीं तयार झालेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ सालीं औरंगाबादेहून प्रसिद्ध झाला. इंग्रजीचा एकेक शब्द घ्यावा, त्याच्या नाना छटा तपासाव्या आणि आपल्या भाषेंत त्यास घर शोधून द्यावें, असें हें काम. इंग्रजीच्या अभ्यासाचें फळ चाकरीपलीकडेहि असूं शकतें, ह्याचा तो कोश म्हणजे पहिला ठळक दाखला होय. तो उर्दूंत झाला, मराठींत नव्हे, एवढाच मराठी मुलाच्या दृष्टीनें त्यांतील सल.

पुढच्याच वर्षीं, १९३८ च्या नोव्हेंबरांत, औरंगाबादच्या वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’चा सूर उठला आणि तो हैदराबाद संस्थानभर पसरला. गीत सोडा नाहींतर महाविद्यालय सोडा, असा प्रसंग विद्यार्थ्यांवर आला, आणि शेंकडों मुलांनीं महाविद्यालय सोडलें. त्यांच्यापैकीं पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आसरा दिला. पुढें पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेहि त्याच चळवळीमुळें नागपुरास गेले. तेथें शिक्षण इंग्रजींतून होतें. उर्दूंतून शिकलेल्या मुलास नव्या वर्गांत पाय रोवावयाचे, तर हातीं शिदोरी एकच होती, आणि ती म्हणजे आवश्यक विषय म्हणून शिकलेली इंग्रजी. ज्या विषयास कालपर्यंत परीक्षेचा जाच म्हटलें, तोच परमुलखांत उपयोगी पडला.

१९४८ सालीं संस्थान भारतांत विलीन झालें आणि उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दूऐवजीं इंग्रजी झालें. १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेंत महाविद्यालय काढलें. पुढें त्यास मिलिंद हें नांव मिळालें. भदंत नागसेनास प्रश्न विचारून सत्य शोधणाऱ्या ग्रीक राजाचें हें नांव, आणि परिसराचें नांव नागसेनवन. ज्यांच्या घरांत आजवर पाटी आली नव्हती, अशीं मुलें येथें इंग्रजी ग्रंथ वाचूं लागलीं. त्यांस आधीं पुस्तकी मराठीचाच डोंगर चढावयाचा होता. इंग्रजी हा दुसरा डोंगर. बापाची मजुरी आणि शिष्यवृत्तीचे रुपये ह्यांचा मेळ घालीत त्यांनीं दोन्ही चढून दाखविले.

ह्याच मिलिंदमध्यें डॉ. म. ना. वानखेडे हे इंग्रजीचे अध्यापक होते. अमेरिकेंत शिक्षण घेऊन ते परतले, ते तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख घेऊन. गुलामीच्या पोटीं जन्मलेल्या त्या लेखनाकडे बोट दाखवून, आपलें दुःख आपल्या शब्दांत मांडावें, असें ते तरुणांस सांगत. १९६७ सालीं डॉ. गंगाधर पानतावणे प्रभृतींच्या उद्योगांतून ‘अस्मिता’ हें नियतकालिक औरंगाबादेंत निघालें. तेंच पुढें ‘अस्मितादर्श’ झालें, आणि दलित साहित्याच्या अनेक लेखकांनीं तेथें पहिली अक्षरें गिरविलीं. इंग्रजीच्या खिडकींतून दिसलेला उजेड अशा रीतीनें मराठीच्या अंगणांत उतरला.

मराठवाड्याचें स्वतःचें विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजीं औरंगाबादेंत स्थापन झालें. उद्घाटन पंडित नेहरूंनीं केलें आणि पहिले कुलगुरु एस्. आर्. डोंगरकेरी हे झाले. पदवीसाठीं हैदराबादेस जाण्याची गरज सरली. गांवोगांव महाविद्यालयें निघालीं आणि इंग्रजीच्या पदवीधरास अध्यापकाची जागा मिळूं लागली. ‘कोसला’कार भालचंद्र नेमाडे ह्यांनींहि ह्या विद्यापीठांत इंग्रजी शिकविलें. ते इंग्रजीचे प्राध्यापक खरे. पण त्यांचें लेखन देशी मातींत रुजलेलें. विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव द्यावें, हा ठराव १९७८ सालीं झाला. त्यापायीं कित्येक गांवांत दलितांचीं घरें जळालीं, आणि १४ जानेवारी १९९४ रोजीं नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांतील विद्यार्थ्यानें विद्यापीठाची खरी परीक्षा वर्गाबाहेरच पाहिली.

आज केवळ पदवीवर अध्यापकाची जागा मिळत नाहीं. १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा आली, आणि जागांपेक्षां उमेदवार अधिक झाले. मग तयारी कशाची करावी? ह्या नगराच्या इतिहासानें उत्तर देऊन ठेविलें आहे. रोज एक पान इंग्रजींतून मराठींत आणावें आणि एक पान मराठींतून इंग्रजींत न्यावें. भाषांतरकार, वार्ताहर, कोशकार, वेरूळ-अजिंठ्याच्या पाहुण्यांस वाट दाखविणारा मार्गदर्शक, स्पर्धापरीक्षेचा उमेदवार, ह्या सर्वांचें भांडवल हेंच आहे. कोशकार मौलवी, नागपुरास गेलेला मुलगा, मिलिंदचा अध्यापक, ह्यांच्यापैकीं कोणीहि इंग्रजींत हरवून गेला नाहीं. जो दोन्ही तीरांवर पाय ठेवतो, त्यालाच नाव हाकतां येते.