प्रोसेस मॅनेजर

सर्व्हरवर पडद्यामागे चालणाऱ्या स्क्रिप्ट सुरू करणारी, बंद पडल्यास पुन्हा उठवणारी आणि त्यांच्या नोंदी सांभाळणारी प्रणाली.

गरज : दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून सुरू केलेली स्क्रिप्ट त्या टर्मिनलशी बांधलेली असते. संपर्क तुटला की तिला १ क्रमांकाचा ‘हँगअप’ सिग्नल मिळतो आणि ती सहसा तिथेच संपते. ‘नोहप’ किंवा ‘टीमक्स’ या साधनांनी हे टळते, पण स्क्रिप्ट स्वतःच्या चुकीने कोसळली किंवा वीज जाऊन सर्व्हर नव्याने सुरू झाला, तर तिला उठवायला कोणी नसते.

इतिहास : पडद्यामागच्या प्रक्रियेला ‘डीमन’ म्हणण्याची पद्धत १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये पडली. सुपरवायझर (२००४), सिस्टमडी (२०१०) आणि पीएम२ (२०१३) ही पुढील साधने. डेबियन या लिनक्स वितरणाने २०१५ मध्ये सिस्टमडी पूर्वनिर्धारित केली. तिच्या व्याप्तीविषयी मतभेद आहेत.

कार्यपद्धती : सिस्टमडीत प्रत्येक कामाची एक छोटी युनिट फाइल असते. तीत ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ ही ओळ घातली, की कोसळलेली स्क्रिप्ट १०० मिलिसेकंदांत पुन्हा सुरू होते. १० सेकंदांत ५ वेळा सुरू होऊनही ती टिकली नाही, तर प्रणाली प्रयत्न सोडते. डेटाबेसचा पासवर्ड चुकला असेल, तर हे पाचही प्रयत्न बघता बघता संपतात. दोन प्रयत्नांत १० सेकंदांचे अंतर ठेवल्यास ही मर्यादा गाठलीच जात नाही. स्क्रिप्ट अखंड पडत-उठत राहते आणि लॉग भरत जातो. काम थांबवताना आधी ‘टर्म’ सिग्नल जातो; ९० सेकंदांत स्क्रिप्ट आवरली नाही, तर ‘किल’. सर्व्हर सुरू होताच काम आपोआप चालू व्हावे, यासाठी युनिट वेगळी ‘एनेबल’ करावी लागते. नवशिक्यांचे नेमके हेच राहून जाते.

मर्यादा : प्रोसेस मॅनेजर प्रक्रिया जिवंत आहे एवढेच पाहतो. नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत गोठलेली स्क्रिप्टही त्याच्या लेखी ‘अ‍ॅक्टिव्ह’ असते. यावर वॉचडॉगचा उपाय आहे : स्क्रिप्टने ठरावीक काळात खुशाली कळवली नाही, तर तिला मारून पुन्हा उभे केले जाते. तरीही शेवटचे काम नेमके केव्हा पूर्ण झाले, याची वेळ नोंदवून ती रोज पाहण्याला पर्याय नाही. पुन्हा सुरू करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. बिघाडाचे कारण लॉगमध्येच सापडते.

वर्धा जिल्हा : सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात सी-डॅकच्या मदतीने रुग्णालय माहिती प्रणाली उभी राहिली. अशा प्रणालींत प्रयोगशाळेचा अहवाल वॉर्डापर्यंत नेणारा दुवा गुपचूप थांबला, तर डॉक्टर आणि रुग्ण दोघेही खोळंबतात; म्हणून तिथे देखरेख हा उपचाराचाच भाग ठरतो.