पंचाहत्तर प्रूफची गोष्ट

‘मस्त’ हा शब्द मराठीत जेवणाला लागतो, हवेला लागतो. मूळ फारसीत त्याचा अर्थ नशेत चूर. निजामुल्मुल्क आसफजहाच्या हुकुमावरून १७२५ साली काबिलखानाने जालन्याच्या पूर्वेला किल्ला बांधला, त्याचा बालेकिल्ला म्हणजे मस्तगड. गडाच्या नावाशी मद्य जोडायचे कारण नाही. पण ज्या निजामी राजवटीत तो उभा राहिला, तिच्या तिजोरीचा मद्याशी संबंध होता आणि तो फार मोठा होता.

शिंदी आणि मोहाची दारू यांवरची आबकारी हे हैदराबाद संस्थानाच्या प्रमुख उत्पन्नांपैकी एक होते. दारू गाळण्या-विकण्याचा हक्क लिलावात जाई. त्या कराराला म्हणत गुत्ता. मराठवाड्यात आजही रस्त्याचे काम घेणारा माणूस गुत्तेदार असतो, आणि मराठीत सगळीकडे दारूचा अड्डा म्हणजे गुत्ता. एका शब्दाचे हे दोन अर्थ त्या व्यवहाराचा इतिहास बाळगून आहेत.

गिऱ्हाईक मात्र लिलाव पाहत नसे, पेला पाही. स्वस्त दारूत पाणी किती, हा त्याचा पहिला प्रश्न. बाटली हलवून बुडबुडे किती वेळ टिकतात ते बघायचे, थोडी दारू ओतून काडी लावायची. ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रचार इथलाच. मद्यार्क ७८ अंशांच्या आसपास उकळतो, पाणी १०० ला. म्हणून भट्टीची पहिली धार सर्वांत कडक. पण त्याच धारेत अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखी उग्र द्रव्येही आधी उतरतात, आणि जाणता गाळणारा ती बाजूला काढतो. कडकपणालाच कस समजणे ही जुनी चूक आहे, आणि ती जीवघेणीही ठरते: मिथेनॉलही पेटते, त्याची ज्योत तर नीट दिसतही नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली.

इंग्लंडातही सुरुवात आगीनेच झाली. बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवायची. पेटली तर माल खरा ठरला, ‘प्रूफ’ मिळाले. पण मद्य किती ओतले यावर निकाल बदले. १८१६ साली ब्रिटिश कायद्याने बार्थोलोम्यू साइक्सचा, द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर स्वीकारला आणि आगीची जागा आकड्याने घेतली. सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क म्हणजे पूर्ण प्रूफ. त्याहून कमी ते ‘अंडर प्रूफ’. मुंबई इलाख्याच्या आबकारीने हाच हिशेब धरला आणि तिथे २५ अंडर प्रूफ, ६० अंडर प्रूफ असे दर्जे ठरले. जालना १९५६ साली मुंबई राज्यात आले. आज महाराष्ट्रातल्या साध्या बाटलीवर ‘७५ प्रूफ, २५ यू.पी., ४२.८ टक्के’ असे छापलेले असते. तिन्ही आकड्यांचा अर्थ एकच.

अमेरिकेचे प्रूफ वेगळे, टक्क्यांच्या सरळ दुप्पट. तिथल्या मेकर्स मार्क या बर्बनवर ९० लिहिलेले दिसते आणि आपल्या ७५ शेजारी ते फार जबर वाटते. प्रत्यक्षात ते ४५ टक्के. आपल्या मापाने जेमतेम ७९. अंतर २.२ टक्क्यांचे आहे. किंमत त्यावरून समजायची नाही.

ती समजते धान्यावरून आणि लाकडावरून. बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका लागतो, आतून जाळलेले नवे ओक पिंप लागते आणि पाण्याशिवाय काही मिसळता येत नाही. मक्याच्या जोडीला बहुतेक ठिकाणी राय असते, ती मिरीसारखा तिखटपणा देते. काही घराण्यांनी रायऐवजी गहू घातला. केंटकीत १९५३ साली मेकर्स मार्कचे जनक बिल सॅम्युअल्स थोरले नवी पाककृती शोधत होते. प्रत्येक मिश्रण पिंपात वर्षानुवर्षे मुरवून पाहायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या धान्यांचे पाव भाजून खाल्ले, असे सांगतात. पोळी आणि बाजरीची भाकरी एका ताटात जेवणाऱ्याला यात नवल वाटू नये. गहू स्वतः फार बोलत नाही. त्यामुळे जळक्या लाकडातला व्हॅनिला आणि पाकाचा गोडवा पुढे येतो. या जातीच्या स्वस्त बाटलीकडून एवढीच अपेक्षा ठेवावी: मऊपणा हवा, पण तो पाणचट नको. पहिला घोट तसाच, दुसरा थोडे पाणी घालून घ्यावा. पाण्याने गोडवा उलगडला तर पैसे वसूल. नुसती जळजळ पातळ झाली तर नाही.

जालन्यासाठी धान्याचा प्रश्न परका नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी इथेच सुरू केली आणि संकरित बियाण्यांचा व्यापार शहराची ओळख बनला. महाराष्ट्राने २००७ साली धान्यापासून मद्यार्क बनवायला प्रोत्साहन देणारे धोरण आणले. डॉ. अभय बंग यांच्यासारख्या दारूविरोधी कार्यकर्त्यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि भुकेच्या राज्यात ज्वारी भट्टीला का, हा त्यांचा सवाल रास्तच होता. जून २०२५ मध्ये सरकारने ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा धान्याधारित नवा वर्ग काढला: १८० मिलीला किमान १४८ रुपये. देशी दारूला ८०, साध्या विदेशीला २०५.

४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीत सुमारे ७७ मिली मद्यार्क असतो. हायड्रोमीटर एवढेच सांगतो. देशीपेक्षा जास्त मोजलेल्या ६८ रुपयांत धान्य किती आणि कर किती, हे त्या काचेच्या नळीवर कुठेच उमटत नाही. तिथे पेला नाकाशी न्यावा लागतो.