विजयदुर्गावरील साहेबाचे ओटे

अतितेजस्वी उल्का, म्हणजेच अग्निगोल, कसलीही पूर्वसूचना न देता प्रकटतो व काही क्षणांत विझतो. त्यामुळे त्याचा अभ्यास बहुधा पाहणाऱ्यांच्या आठवणींवर आणि, २२ मे २०१२ रोजी काटोल येथे घडले त्याप्रमाणे, जमिनीवर पडलेल्या अशनींवर अवलंबून राहतो. खग्रास सूर्यग्रहणाची वेळ व पट्टा मात्र गणिताने आधीच काढता येत असल्याने त्यासाठी समुद्रापलीकडून यंत्रे आणता येतात, आणि देवगड तालुक्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवले जाणारे चौथरे अशाच एका मोहिमेची आठवण सांगतात.

ती मोहीम कोणती, याबाबत लोकस्मृतीची गल्लत झालेली दिसते. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी येथूनच हेलियम शोधला असे सांगितले जाते आणि त्या तारखेला येथे हेलियम दिनही साजरा होतो. परंतु लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून, तर लेफ्टनंट हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून ढगांशी झगडत पाहिले. (ऐन श्रावणसरींत कोकण किनारा कोणी निवडला असता, हा प्रश्नच आहे.) लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहणाविनाच सूर्यज्वालांचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाच्या पृथक्करणातून मिळणारा रंगपट्टा, तपासला, त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नसल्याने पुढे नव्या मूलद्रव्याची कल्पना मांडली गेली, आणि ते द्रव्य पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडले.

लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे त्यांचे अनुमान खरे ठरल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, आणि तेही निरभ्र हिवाळ्यात. ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी यांना कवायतीसारखी तालीम देऊन त्यांनी मदतीस घेतले होते, कारण खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटे टिकणार होती; भिंगापुढे लोलक बसवलेल्या कॅमेऱ्यांनी तेवढ्या अवधीत सूर्याच्या वरच्या थराचे वर्णपट टिपायचे होते.

त्याच दिवशी करमाळा तालुक्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपल्या यंत्रांसह तळ देऊन होते, आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनीही वेधांसाठी तेच गाव निवडले होते.