रोबेलची वेणी

विजेच्या प्रवाहाने तार तापते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. तार जाड केली की ती कमी तापेल, हा हिशेबही सरळ वाटतो. परंतु प्रत्यावर्ती प्रवाहाच्या यंत्रांत हा हिशेब चुकतो.

चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ साली इंग्लंडमध्ये वाफेचे टर्बाइन जनित्रास जोडले. त्याचा वेग मिनिटास १८,००० फेऱ्यांचा होता. पुढे टर्बाइनवर चालणारी प्रत्यावर्ती जनित्रे मोठी होत गेली आणि त्यांच्या लोखंडी गाभ्यातील खोल खाचांत तांब्याचे जाड गज बसविले जाऊ लागले. खाचेतील चुंबकीय क्षेत्र तळाशी क्षीण, तर तोंडाशी प्रबळ असते. ते सतत पालटत असल्याने गजात भोवऱ्यांसारखे प्रवाह उद्भवतात व मुख्य प्रवाह तोंडाकडे लोटला जातो. तळचे तांबे जवळजवळ निरुपयोगी ठरते, वरचे मात्र तापते. त्या उष्णतेने वेष्टन जळाले, तर सारे यंत्रच निकामी व्हावयाचे! ए. बी. फील्ड यांनी १९०५ साली या हानीचे गणित मांडले.

गजाऐवजी वेष्टन दिलेल्या पातळ पट्ट्या वापराव्यात, हा उपाय उघड होता. पण तेवढ्याने भागेना. टोकांशी सर्व पट्ट्या एकत्र जोडाव्याच लागतात. तळची व वरची पट्टी यांत विजेचा दाब असमान असल्याने त्यांच्यामध्येच प्रवाह फिरू लागे. दाराशी अडविलेला चोर खिडकीतून आत येई.

मॅनहाइम येथील ब्राउन बोव्हेरी कंपनीचे अभियंते लुडविग रोबेल यांनी १९१२ साली ही खिडकीही बंद केली. त्यांनी पट्ट्यांना ठरावीक अंतरावर मुरड घालून त्यांची जणू वेणीच घातली. खाचेच्या लांबीत प्रत्येक पट्टी तळापासून तोंडापर्यंतच्या सर्व जागा पाळीपाळीने घेते. साहजिकच सर्वांतील दाब सारखा होतो आणि खाचेतील फिरता प्रवाह जवळजवळ नाहीसा होतो.

मोठ्या जनित्रांत ही वेणी आजही आढळते. स्थायी चुंबकांच्या शीघ्रगती यंत्रांपुढेही तोच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा आहे. दोन ध्रुवांचे यंत्र मिनिटास ३,००० ऐवजी ६०,००० फेऱ्यांनी फिरले, तर प्रवाहाची आवर्तने सेकंदास ५० वरून १,००० होतात. चुंबकीय क्षेत्र तितकेच राहिल्यास पातळ पट्टीतील भोवऱ्यांची हानी ४०० पट होते. म्हणून तेथे लाखेसारखे वेष्टन दिलेल्या बारीक तारांचा पीळ वापरतात. साधन बदलले, तत्त्व तेच राहिले: तांबे वाढविण्यापेक्षा ते विभागावे, आणि प्रत्येक भागाला प्रत्येक जागेची पाळी द्यावी.