एका शब्दाची मालकी : ‘सिव्हिलायझेशन’ खेळाचा झगडा



या मालिकेत आम्ही आजवर बहुतेक वेळा ग्रंथांविषयी आणि विचारांविषयी बोलत आलो. आज व्हिडिओ गेमविषयी बोलणार आहोत. पुढच्या रांगेतल्या आमच्या काही समवयस्कांच्या भुवया वर गेलेल्या इथून दिसताहेत. थोडा धीर धरा. खेळ नवे असले तरी प्रश्न जुना आहे आणि तो आमच्याच विषयातला आहे. कल्पनेला मालक असतो का?

हा प्रश्न आम्हाला आमच्या नातवाने घातला. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना राज्य उभारण्याचा एक स्ट्रॅटेजी गेम तयार करायचा आहे. म्हणजे नगरे वसवायची, विद्या मिळवायच्या, शेजाऱ्यांशी तह किंवा लढाई करायची. त्याने विचारलं, “आजोबा, सिव्हिलायझेशनसारखा गेम केला तर आमच्यावर केस होईल का?” आम्ही म्हटलं, दोन महिने दे, वाचून सांगतो. आजचे व्याख्यान म्हणजे ते उत्तर आहे.

सुरुवात एका साध्या पटापासून करू. १९८० साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ट्रेशॅम या गृहस्थांनी ‘सिव्हिलायझेशन’ नावाचा पटावरचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांची स्वतःची छोटी कंपनी होती, हार्टलँड ट्रेफॉइल. पटावर भूमध्य समुद्राभोवतीचा नकाशा. इजिप्त, बॅबिलोन, क्रीट अशा प्राचीन समूहांपैकी एक आपण घ्यायचा, लोकसंख्या वाढवायची, व्यापार करायचा. त्यात एक नवी युक्ती होती. खेळाडू व्यापारातून विद्यांची पत्ते विकत घेई, आणि हातात असलेल्या विद्येमुळे पुढची विद्या स्वस्त मिळे. ज्ञानावर ज्ञान चढते, ही गोष्ट त्यांनी खेळाच्या नियमात बसवली. आजची मुलं ज्याला ‘टेक ट्री’ म्हणतात, त्या कल्पनेचा हा एक आद्य अवतार.

अमेरिकेत हा खेळ १९८१ साली बाल्टिमोरच्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीने लायसन्स घेऊन काढला. त्याच कंपनीत ब्रूस शेली नावाचे एक डिझायनर होते. पुढे ते जवळच हंट व्हॅलीला असलेल्या मायक्रोप्रोझ या कॉम्प्युटर गेमच्या कंपनीत गेले आणि तिथे सिड मायर यांच्याबरोबर काम करू लागले. दोघांनी मिळून १९९१ साली कॉम्प्युटरवर जो खेळ आणला, त्याचेही नाव ‘सिव्हिलायझेशन’. त्यात ट्रेशॅम यांचा पट नव्हता. सहा हजार वर्षांचा काळ होता, सारी पृथ्वी होती, आणि शेवटी अंतराळयान पाठवून जिंकता येत असे. पण लेखनकला हवी तर आधी मुळाक्षरे हवीत, चलन हवे तर आधी कांस्य हवे, ही पायऱ्यांची कल्पना होतीच. मायर यांनी ‘सिमसिटी’ आणि ‘एम्पायर’ या आधीच्या कॉम्प्युटर गेमचे ऋणही मोकळेपणाने मान्य केलेले आहे.

आता नीट लक्ष द्या. नाव वापरण्यासाठी मायक्रोप्रोझने अ‍ॅव्हलॉन हिलची परवानगी घेतली. कल्पनेसाठी मात्र कुणाचीही परवानगी लागली नाही. हे का, ते समजल्याशिवाय पुढचं भांडण कळायचं नाही.

१८७९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे ‘बेकर विरुद्ध सेल्डन’ हा खटला आला. चार्ल्स सेल्डन यांनी हिशेब ठेवण्याची एक पद्धत सांगणारे पुस्तक लिहिले होते, त्यात रकान्यांचे नमुने दिले होते. बेकरने जवळपास तशीच वही काढली. न्यायालय म्हणाले, पुस्तकावर सेल्डनचा कॉपीराइट आहे, हिशेबाच्या पद्धतीवर नाही. पद्धत सर्वांची. १९७६ च्या अमेरिकन कायद्यात हेच कलम म्हणून आले: कल्पना, प्रक्रिया, पद्धत, कार्यप्रणाली यांना कॉपीराइट नाही. खेळाचे नियम म्हणजे पद्धतच. आपल्याकडेही १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच दंडक घालून दिला. त्यांच्या नाटकावरून सिनेमा उचलला असा दावा होता. न्यायालयाने सांगितले की विषयावर, कल्पनेवर कुणाचा प्रताधिकार नसतो. तो ज्या रूपात मांडला त्या रूपावर असतो.

रूप आणि कल्पना यांची सीमारेषा कुठे, हा प्रश्न उरतोच. ‘टेट्रिस’ हा काही स्ट्रॅटेजी गेम नव्हे, पण त्याचे उदाहरण स्वच्छ आहे म्हणून घेतो. २०१२ साली अमेरिकेतील एका न्यायालयाने झिओ नावाच्या कंपनीला दोषी ठरवले. ठोकळे पडतात, ओळ भरली की नाहीशी होते, हा नियम कुणीही घ्यावा. झिओने मात्र ठोकळ्यांचे रूप, चौकटीचा दहा बाय वीसचा आकार, सगळा चेहराच उचलला होता.

हे लक्षात ठेवून १९९७ साली येऊ. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘एज ऑफ एम्पायर्स’ बाजारात आला. त्याच्या डिझायनरांत ते आपले ब्रूस शेलीच होते, आता तिसऱ्या कंपनीत. अश्मयुगापासून लोहयुगापर्यंतचा प्रवास, नगरे, विद्या, सैन्य, सगळं त्यात होतं. सिव्हिलायझेशनच्या मालकांपैकी कुणी त्यांना कोर्टात खेचले नाही. आणि पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबरात, अ‍ॅव्हलॉन हिल आणि अ‍ॅक्टिव्हिजन या दोन कंपन्यांनी मायक्रोप्रोझवर दावा ठोकला. कशावरून? नावावरून.

अ‍ॅक्टिव्हिजनने अ‍ॅव्हलॉन हिलकडून त्या नावाचे कॉम्प्युटर हक्क घेतले होते आणि स्वतःचा ‘सिव्हिलायझेशन’ काढायचा घाट घातला होता. त्यांचे म्हणणे, नाव आमचे, मायक्रोप्रोझने ते वापरू नये. यावर मायक्रोप्रोझने जी चाल केली, ती कुठल्याही स्ट्रॅटेजी गेममध्ये शोभेल. भांडणाऱ्या मधल्या माणसाशी वाद घालत न बसता त्यांनी थेट मूळ गाठले. इंग्लंडमधली ट्रेशॅम यांची हार्टलँड ट्रेफॉइल ही कंपनीच १९९७ च्या डिसेंबरात विकत घेतली. म्हणजे ज्याच्याकडून अ‍ॅव्हलॉन हिलला लायसन्स मिळाले होते, तो घरमालकच आता मायक्रोप्रोझच्या खिशात. जानेवारीत त्यांनी उलटा दावा केला. जुलै १९९८ मध्ये तडजोड झाली. नाव मायक्रोप्रोझचे ठरले. अ‍ॅक्टिव्हिजनला एका खेळापुरते लायसन्स मिळाले. तो १९९९ साली ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’ म्हणून आला. दुसरा भाग २००० साली निघाला तेव्हा मथळ्यातला पहिला शब्द गळून पडलेला होता, नुसता ‘कॉल टू पॉवर २’.

आणि गंमत बघा. तडजोडीची शाई वाळते न वाळते तोच हॅस्ब्रो या खेळण्यांच्या बलाढ्य कंपनीने अ‍ॅव्हलॉन हिल साठ लाख डॉलरला घेतली आणि मायक्रोप्रोझ सात कोटी डॉलरला घेतली. वादी आणि प्रतिवादी एकाच छपराखाली. वर्षभर वकील ज्या शब्दासाठी भांडले, तो शब्द तिसऱ्याच्याच तिजोरीत गेला.

या सगळ्यात सिड मायर कुठे होते? ते १९९६ सालीच मायक्रोप्रोझ सोडून गेले होते. ‘सिव्हिलायझेशन २’ चे डिझायनर ब्रायन रेनल्ड्स आणि जेफ ब्रिग्ज यांना घेऊन त्यांनी फिरॅक्सिस ही कंपनी काढली. स्वतःचे नाव ते घेऊन गेले, खेळाचे नाव मागे राहिले. ज्यांनी खेळ घडवला, त्यांनाच तो त्या नावाने पुढे चालवता येत नव्हता. नोकरीत केलेले काम कंपनीचे असते, हे कायद्याने बरोबर आहे. न्यायाने बरोबर आहे का, हा प्रश्न आम्ही तुमच्यावर सोडतो.

मग त्यांनी काय केलं? पहिल्या सिव्हिलायझेशनच्या शेवटी अंतराळयान कुठे जात असे? अल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे. त्यांनी नवा खेळ तिथूनच सुरू केला. माणसे त्या ताऱ्याच्या एका ग्रहावर उतरतात, गट फुटतात, आणि आता झुंज देशादेशांची न राहता विचारसरणींची होते. ‘सिड मायर्स अल्फा सेंटॉरी’ १९९९ साली आला. पुष्कळ जाणकार आजही त्याला या परंपरेतला सर्वांत विचारी खेळ मानतात. नातवाने आम्हाला तो खेळायला लावला. तत्त्वज्ञानाच्या माणसाला त्यात करमतं, एवढं सांगतो.

तेव्हा कुणी म्हणेल, बंधनामुळेच चांगली कृती जन्माला आली, मग तक्रार कसली? या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो पुरता पटत नाही. मायर यांच्यापाशी स्वतःचे नाव होते, पैसा उभा करण्याची पत होती. शब्द हातातून गेला तरी ते उभे राहू शकले. तीन विद्यार्थ्यांचे काय?

योगायोगाने तीन विद्यार्थ्यांचेही उदाहरण इतिहासात आहे. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस विद्यापीठातल्या तिघांनी १९९६ च्या जानेवारीत ‘फ्रीसिव्ह’ नावाचा खेळ सर्वांना खुला केला. नियम सिव्हिलायझेशनच्या धर्तीवरचे, कोड स्वतः लिहिलेला. आणि त्यांनी तो जीपीएल या खुल्या लायसन्सखाली ठेवला. म्हणजे कुणीही घ्या, बदला, वाटा, फक्त पुढच्यालाही तीच मोकळीक द्या. कायद्याने जी कल्पना सर्वांची ठेवली होती, तिचा कोडही त्यांनी सर्वांचा केला. जगभरच्या हौशी लोकांनी तो आजतागायत जोपासला आहे.

नावाची कथा पुरी करू. हॅस्ब्रोने आपला गेमचा व्यवसाय इन्फोग्राम्सला विकला. २००१ चा ‘सिव्हिलायझेशन ३’ फिरॅक्सिसनेच केला, पण मालक दुसरे. २००४ साली टेक-टू कंपनीने हे नाव सुमारे दोन कोटी तेवीस लाख डॉलर देऊन घेतले, आणि २००५ मध्ये फिरॅक्सिसही घेतली. मायर बाहेर पडल्यापासून नऊ वर्षांनी खेळ, त्याचे नाव आणि त्याचे कर्ते एका घरात आले. ते घरही कर्त्यांचे नव्हतेच म्हणा.

इथवर आपण दोन कुंपणे पाहिली. कॉपीराइटचे कुंपण रूपाभोवती असते आणि कल्पनेला फट ठेवते. ट्रेडमार्कचे कुंपण नावाभोवती. तिसरे कुंपण आम्हाला सर्वांत काळजीचे वाटते, आणि ते आहे कराराचे.

‘वॉरक्राफ्ट ३’ या खेळाबरोबर ब्लिझर्ड कंपनीने नवे नकाशे तयार करण्याचे साधन दिले होते. २००३ पासून हौशी मुलांनी त्यात ‘डोटा’ नावाचा खेळ वाढवला, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत. त्यातून खेळांचा एक नवाच प्रकार जन्मला. वाल्व कंपनीने त्या नावाचा ट्रेडमार्क मागितला, ब्लिझर्डने हरकत घेतली, २०१२ साली तडजोड झाली. पुढे २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ ची नवी आवृत्ती काढताना ब्लिझर्डने नियमच केला की आमच्या साधनाने कुणी जे खेळ तयार करील ते आमच्या मालकीचे. कायदा कल्पना मोकळी सोडतो, आणि आपण ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवून ती परत बांधून देतो. हे कुंपण कुठल्या न्यायाधीशाने घातलेले नाही, त्याची वीट आपणच रचतो.

जॉन लॉक यांनी सतराव्या शतकात मालकीचे समर्थन करताना एक अट घातली होती. श्रम करणाऱ्याने सामायिक ठेव्यातून आपल्यापुरते घ्यावे, पण इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे. या तीन कुंपणांना ही अट लावून पाहा. कल्पनेपाशी ती पाळली गेली, म्हणून ट्रेशॅम यांची विद्यांची शिडी आज असंख्य खेळांत दिसते, आणि त्यात त्यांचे काही कमी झाले नाही. नावापाशी ती ओढूनताणून पाळली जाते. करारापाशी ती विचारलीच जात नाही.

आणि आपल्या घरातली आठवण ठेवा. आपली पचीसी, आपल्या सोंगट्या. त्याच खेळाचे एक रूप इंग्लंडमध्ये १८९६ साली ‘लुडो’ म्हणून पेटंट झाले. ते लुडो आपण दुकानातून पुन्हा विकत आणले. पचीसी कुणाची होती? सगळ्यांची होती, म्हणून तिच्या वतीने दावा करायला कुणीच नव्हते.

तेव्हा नातवाला आमचे उत्तर असे. गेम जरूर करा. नियम शिका, बदला, दुसऱ्याकडून घेतले असतील तर ऋण उघड सांगा. चित्रे, संगीत, कोड तुमचा हवा. नाव स्वतःचे शोधा. आणि ज्या साधनाने गेम बांधणार, त्याच्या अटी पहिल्या दिवशी वाचा, गेम गाजल्यानंतर नव्हे. काम तिघांचे आहे, तर तिघांत काय ठरलंय तेही आजच कागदावर घ्या. मैत्री आहे तोवर हे लिहिणं सोपं जातं.

हे सांगितल्यावर तो म्हणाला, “आजोबा, अटी चाळीस पानांच्या आहेत.” आम्ही म्हटलं, आण इकडे, चष्मा लावतो, दोघे मिळून वाचू. सध्या बाराव्या पानावर आहोत.

आता तुमचे प्रश्न घेऊ.